हेफिल्डची पळवाट

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: विषय सापडलाय, पण 'प्रश्न' सापडत नाही, काय करू? आज त्याचं उत्तर एका पळण्याच्या रस्त्यावरून द्यायचा प्रयत्न करते. रस्ता आपल्याकडचा नाही, इंग्लंडच्या डर्बीशायरमधला आहे. पण इतिहासातलं 'कारण' म्हणजे काय, साधनांवर किती विश्वास ठेवायचा आणि लोकांच्या आठवणीचं काय करायचं, हे तिन्ही मुद्दे त्या साधारण पंधरा किलोमीटरमध्ये भेटतात.

हेफिल्ड हे किंडर स्काउट या पठाराच्या पश्चिम पायथ्याचं गाव. जुनं चर्च, दगडी घरं, ओढ्यावर पूर्वी चाललेल्या गिरण्या. ट्रेल रनिंगवाल्यांची इथली आवडती फेरी अशी: गावातून बोडन ब्रिजची खाण, पुढे किंडरचं धरण, मग विल्यम क्लफ नावाच्या घळीतून चढत अॅशप हेड, तिथून पठाराच्या कडेकडेने किंडर डाउनफॉल हा धबधबा, पुढे किंडर लो, एडेल क्रॉस आणि उतरून परत गाव. पठार 636 मीटर उंच. आपल्या सह्याद्रीच्या हिशेबात ही उंची काहीच नाही. पण 'मूर' हा प्रकार आपल्याकडच्या माळरानासारखा कोरडा नसतो. खाली पीटचा थर, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साचत गेलेली वनस्पती. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. वर हीदरची झुडपं, मधेमधे काळ्या चिखलाच्या खोल घळी. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि बूट आतच राहतो.

आता या फेरीवर पळणाऱ्याला कुणी अडवत नाही. शंभर वर्षांपूर्वी निम्म्या रस्त्यावर अडवलं असतं, तेही हातात काठी घेऊन. हा बदल कसा झाला, हा आपला विषय.

आधी शब्दांचं बघू, कारण पुढचा सगळा वाद शब्दांवर उभा आहे. इंग्रजी कायद्यातल्या 'ट्रेसपास'ला आपण मराठीत 'अतिक्रमण' म्हणतो, आणि म्हटलं की डोळ्यासमोर महापालिकेची अतिक्रमण विभागाची गाडी येते. इथे तसलं काही नाही. ट्रेसपास म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय नुसतं पाऊल टाकणं. दुसरा शब्द मात्र आपल्याकडे अगदी नेमका आहे: वहिवाट. पिढ्यान् पिढ्या लोक ज्या वाटेने गेले त्या वाटेवर त्यांचा हक्क. बांधावरून जाणाऱ्या रस्त्याचा दावा तहसीलदारापुढे गेलेला ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजवायला नको. इंग्लंडातही वहिवाटीचा हक्क जुना. पण वहिवाट ही वाटेची असते, रानाची नसते. वाट सोडून चार पावलं बाजूला गेलात की तुम्ही ट्रेसपासर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

किंडर एके काळी राजाच्या शिकारीच्या राखीव मुलखात होतं. त्याला 'रॉयल फॉरेस्ट' म्हणत. इथे फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे, शिकारीचा कायदा लागू असलेला प्रदेश. (जुनी साधनं वाचताना आजचा अर्थ घालून वाचलं की कसं फसायला होतं, याचं हे सोपं उदाहरण.) एडेल क्रॉस हा मध्ययुगीन दगडी क्रूस याच मुलखाच्या हद्दीशी जोडला जातो. तो पडलेला होता, पुन्हा उभा केला तेव्हाचं 1810 हे साल त्यावर कोरलेलं आहे. त्याच्या बाजूने हेफिल्डहून एडेलला माल नेणाऱ्या तट्टांची वाट जायची. पुढे 1830च्या दशकात सामायिक रानांना कुंपण घालण्याच्या लाटेत किंडरही जमीनदारांमध्ये वाटलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रानांना नवी किंमत आली ती ग्राउस पक्ष्यामुळे. 12 ऑगस्टला ग्राउसच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, तो 10 डिसेंबरपर्यंत. त्या काही दिवसांच्या बंदूकबाजीसाठी वर्षभर रान माणसांपासून राखायचं, त्यासाठी गेमकीपर नेमायचे. शिवाय धरण झाल्यावर पिण्याच्या पाण्याचं पाणलोट क्षेत्र हे आणखी एक कारण हाताशी आलं.

त्याच काळात खाली काय चाललं होतं? 1868 साली हेफिल्डला रेल्वे आली. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफिल्ड. आठवडाभर गिरणीत आणि कारखान्यात घालवलेल्या माणसांना रविवारी स्वस्त तिकिटात डोंगराच्या पायथ्याशी उतरता येऊ लागलं. आणि पायथ्याशी पाटी: आत येऊ नये.

यावर पहिला प्रतिसाद कायदेशीर आणि सभ्य होता. 1876 मध्ये हेफिल्ड आणि किंडर स्काउटच्या जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी संघटना निघाली. 1894 मध्ये आणखी मोठी संघटना आली. तिच्या वाटाघाटींतून 1897 मध्ये हेफिल्डहून विल्यम क्लफमार्गे स्नेक इनपर्यंतची पायवाट जनतेसाठी खुली झाली. म्हणजे आज पळणारा विल्यम क्लफमधून चढतो ती वाट 1897 पासूनच कायदेशीर आहे. हे साल मनात ठेवा. पार्लमेंटात जेम्स ब्राइस यांनी 1884 मध्ये डोंगरांवर मुक्त प्रवेशासाठी विधेयक मांडलं, ते स्कॉटलंडपुरतं होतं आणि मंजूर झालं नाही. नंतर वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, पुन्हा पुन्हा पडलं.

दुसरा प्रतिसाद असभ्य होता, आणि मला विचाराल तर जास्त मजेदार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टरकडच्या काही मंडळींनी मार्सडेन ते एडेल असं पीटमधून थेट आडवं जायचा नाद लावून घेतला. मधली बहुतेक सगळी रानं खासगी. यांना 'बॉगट्रॉटर' म्हणत, म्हणजे दलदलीतून दुडक्या चालीने जाणारे. युस्टेस थॉमस नावाच्या मँचेस्टरच्या इंजिनिअरने 1918 मध्ये डरवेंट नदीच्या संपूर्ण पाणलोटाच्या कडेने फेरी मारली, तीही जवळजवळ चाळीस मैलांची. फ्रेड हर्डमन हा पुढे एडेलमध्ये खाणावळ चालवणारा गडी याच पंथातला, त्याचं नावच 'बिल द बॉगट्रॉटर' पडलं. आज डरवेंटच्या त्याच पाणलोटावर रात्री पळण्याची सांघिक शर्यत होते, आणि एडेलहून निघणारी 268 मैलांची स्पाइन रेस 2019 साली जॅस्मिन पॅरिस या बाईने 83 तास 12 मिनिटांत, सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली. या खेळाची मुळं नुसत्या जत्रेतल्या शर्यतींत नाहीत, गेमकीपर दिसायच्या आत रान ओलांडण्यातही आहेत, असं माझं वाचन आहे. वेग इथे आधी हौस नव्हता, पळवाट होता.

आता मुख्य प्रसंग. रविवार, 24 एप्रिल 1932. काळ मंदीचा. लँकेशायरच्या कापडाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता हिंदुस्थान. 1913 साली तीनशे कोटी यार्डांच्या आसपास कापड तिथून आपल्याकडे यायचं, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ते पाव हिश्श्याच्याही खाली आलं. त्याला मंदी, आपल्या गिरण्या, जकात आणि बहिष्कार अशी अनेक कारणं. किंडरच्या घटनेआधी सातच महिने, सप्टेंबर 1931 मध्ये, गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला जाऊन बेकार गिरणी कामगारांना भेटले होते. म्हणजे 1932 मध्ये मँचेस्टरच्या तरुणांकडे रिकामा वेळ का होता, याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. हा धागा ताणू नका मात्र. किंडरवर गेलेली पोरं बहिष्कारामुळे गेली असं कुणी लिहिलं तर मी पहिली हरकत घेईन. संदर्भ म्हणजे कारण नव्हे.

बेनी रॉथमन, वय 20, मँचेस्टरचा बेकार मोटर मेकॅनिक, ज्यू घरातला, कम्युनिस्ट, ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशनचा कार्यकर्ता. स्टेशनवर पोलीस अडवतील या धास्तीने तो हेफिल्डला सायकलवर आला. सभा गावच्या मैदानावर ठरली होती, ती ऐनवेळी बोडन ब्रिजच्या खाणीत हलवली. ठरलेला वक्ता बोलायला तयार नव्हता, म्हणून हाच दगडावर उभा राहून बोलला. मग जमाव गाणी म्हणत निघाला. विल्यम क्लफमध्ये शिट्टी वाजल्यावर वाट सोडून लोक उतारावर पसरले. वर गेमकीपर उभे होते, धक्काबुक्की झाली, एका कीपरला दुखापत झाली. पुढे अॅशप हेडपाशी शेफिल्डकडून आलेली तुकडी भेटली, आनंद झाला आणि सगळे परत फिरले. एकूण सहा जणांना अटक.

किती लोक होते? वर्तमानपत्रात चारशे-पाचशे, रॉथमन यांच्या आठवणीत त्याहून बरेच जास्त. आपल्याकडच्या मोर्चांचे आकडे वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये. त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ते गेले कुठे? 1897 ची पायवाट आठवा. मोर्चा ज्या विल्यम क्लफमधून चढला ती वाट कायदेशीर होती. वाट सोडून उताराचा जो तुकडा चढले, ट्रेसपास तेवढाच. किंडरचं खरं माथ्याचं पठार पुढे, अॅशप हेडच्या वर. 'कामगारांनी किंडरचं शिखर जिंकलं' हे वाक्य तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल, पण नकाशा पसरून बसलात तर ते टिकत नाही. हे मी म्हणत नाहीये, टॉम स्टीफन्सन म्हणायचे. ते काही जमीनदारांचे वकील नव्हते. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला माणूस. 1935 मध्ये पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेची कल्पना वर्तमानपत्रातून मांडणारा, आणि नंतर वीस वर्षं रॅम्बलर्स असोसिएशनचा सचिव. ही वाट अखेर 24 एप्रिल 1965 ला खुली झाली. त्यांचं मत ठाम होतं: 1932 च्या प्रकरणाने प्रवेशाच्या हक्काला काडीचीही मदत केली नाही.

आणि त्यांच्या बाजूने पुरावा आहे. घटनेच्या वेळी रॅम्बलर्सच्या अधिकृत संघटनांनी हात झटकले होते. वाटाघाटी बिघडतील ही त्यांची भीती. सात वर्षांनी, 1939 मध्ये, डोंगर प्रवेशाचा कायदा झाला खरा, पण त्यात काही परिस्थितींत ट्रेसपास हा फौजदारी गुन्हाच ठरवला गेला! म्हणजे 'लढा दिला, हक्क मिळाला' हा सरळ आलेख काढायचा तर मधे हे 1939 येतं आणि रेष खाली जाते. तो कायदा जाऊन 1949 चा राष्ट्रीय उद्यानं आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा आला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्यामागे युद्धकाळातल्या समित्या, अहवाल, युद्धानंतरचं मजूर सरकार असा मोठा पसारा आहे.

मग 1932 निरर्थक? इथे खटल्याकडे वळू. पाच जणांना शिक्षा झाल्या, दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत. गंमत म्हणजे ट्रेसपाससाठी नाही, कारण तो मुळात फौजदारी गुन्हाच नव्हता. दंगल, बेकायदा जमाव आणि कीपरला मारहाण हे आरोप. ऐकायला आलेली गोष्ट अशी सांगितली जाते की ज्युरीत दोन ब्रिगेडियर जनरल, तीन कर्नल, दोन मेजर, तीन कॅप्टन, दोन आल्डरमन आणि अकरा जमीनदार होते, त्यांनी या पोरांना दोषी ठरवलं. वाचून राग येतो, यायलाच हवा. पण बेरीज करा. दोन, तीन, दोन, तीन, दोन, अकरा: तेवीस. निकाल देणाऱ्या ज्युरीत तर बारा माणसं असतात. तेवीस ही ग्रँड ज्युरीची कमाल संख्या. ग्रँड ज्युरी दोष ठरवत नसे, खटला चालवण्याजोगा आहे की नाही एवढंच ठरवी, आणि पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, इंग्लंडने ती पद्धत जवळजवळ मोडीतच काढली. म्हणजे यादी खोटी आहे असं नाही, ती चुकीच्या जागी चिकटवली गेली आहे. वर्गपक्षपाताचा मुद्दा यामुळे पडतो का? नाही. खटला उभा राहावा हे कुणी ठरवलं ते तर स्पष्टच आहे. फक्त तुमच्या प्रबंधात ते वाक्य बदलावं लागेल. साधी बेरीज हेसुद्धा साधनचिकित्सेचं हत्यार असतं, एवढ्यासाठी हे सांगितलं.

शिक्षांनी मात्र वारं फिरलं. मोर्च्याला विरोध करणाऱ्या चालणाऱ्यांनाही वाटलं, टेकडीवर फिरल्याबद्दल सहा महिने? त्याच उन्हाळ्यात विनॅट्स पासच्या प्रवेश-सभेला हजारोंची गर्दी झाली. म्हणजे परिणाम झाला असेल तर तो मोर्च्यापेक्षा निकालाचा जास्त, असं माझं मत. स्टीफन्सन कायद्याच्या कागदांत परिणाम शोधत होते, तो तिथे नव्हता. तो लोकांच्या मनात होता, आणि त्याची साधनं वेगळी.

या मताविरुद्ध एक फार चांगला मुद्दा आहे, तो मीच तुमच्या हातात देते: विंटर हिल. बोल्टन गावाजवळच्या या टेकडीचा रस्ता कर्नल एन्सवर्थ या जमीनमालकाने बंद केला, तेव्हा सप्टेंबर 1896 मध्ये एका रविवारी दहा हजारांच्या आसपास लोक फाटक तोडून वर गेले. किंडरच्या वीसपट! पुढे म्होरक्यांवर दिवाणी दावा झाला, ते हरले. आणि नंतर ही घटना बोल्टनबाहेर कुणाच्या लक्षातही राहिली नाही. 1982 मध्ये स्थानिक इतिहासकार पॉल सॅल्व्हसन यांनी तिच्यावर पुस्तिका लिहिली तेव्हा ती पुन्हा वर आली. मग प्रश्न असा: वीसपट मोठी घटना विसरली गेली आणि किंडर का राहिलं?

हा बघा, मिळाला संशोधनाचा प्रश्न. 'किंडर ट्रेसपास' हा विषय झाला, 'विंटर हिल विसरलं गेलं आणि किंडर नाही, हे का' हा प्रश्न झाला. दोन घटनांची तुलना करताच तो आपोआप तयार होतो. उत्तराचे काही तुकडे दिसतात. किंडरमध्ये तुरुंगवास होता, विंटर हिलमध्ये पैशाचा दंडभार. किंडरच्या प्रसिद्धीचं काम करणारा सतरा वर्षांचा जिमी मिलर पुढे इवान मॅककॉल नावाने प्रसिद्ध गायक झाला. त्याचं 'द मँचेस्टर रॅम्बलर' हे गाणं शिबिरांतून, सहलींतून पिढ्यांना पाठ झालं. रॉथमन नव्वद वर्षं जगले आणि शेवटपर्यंत बोलत राहिले. 1982 मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने त्यांची स्वतःची पुस्तिका आली, खाणीत स्मृतिफलक लागला, त्याच साली नॅशनल ट्रस्टने किंडर विकत घेतलं. यातली बरीच साधनं घटनेची नाहीत, स्मरणाची आहेत. 1982 मधल्या मुलाखतीतून 1932 वाचताना मधली पन्नास वर्षं त्यात मिसळलेली असतात. ती गाळून टाकायची नसतात, वेगळी ओळखायची असतात.

जानेवारी 2002 मध्ये रॉथमन वारले. तीन महिन्यांनी, सत्तराव्या वर्धापनदिनी, डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळातल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. ऐकायला रॉथमन नव्हते.

तोपर्यंत 2000 चा कायदा होऊन गेला होता. वहिवाट आणि रान यांतला फरक त्याने मिटवला, निदान नकाशावर रंगवलेल्या भागात. मूर, डोंगर, हीदरची रानं आणि सामायिक जमिनी मिळून इंग्लंडचा सुमारे 8 टक्के भाग पायी जाणाऱ्याला वाटेबाहेरही खुला झाला. अंमल टप्प्याटप्प्याने आला, आणि पहिल्या टप्प्यात, 19 सप्टेंबर 2004 ला, या भागाचा नंबर लागला.

पण कायद्याची अनुसूची वाचा, नुसतं शीर्षक वाचून थांबू नका. हक्क पायी जाणाऱ्याला आहे, त्यात पळणं बसतं, सायकल नाही. तंबू ठोकणं नाही. 'संघटित खेळ' आणि व्यापारी हेतूचे उपक्रमही वगळलेले. 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा आखूड दोरीवरच, कारण जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. म्हणजे एकटीने पळायला किंवा चार मित्रांनी मिळून पळायला कुणाला विचारावं लागत नाही. पण पैसे घेऊन, छातीला नंबर लावून ट्रेल रन भरवायची तर त्याला हा हक्क पुरत नाही, जमीनमालकांशी बोलावंच लागतं. चारशे लोकांनी ठरवून एकत्र किंडरवर जाणं, आयोजकाने शुल्क घेतलं तर, आजही परवानगीचा विषय आहे.

पेनाइन वेवर पीट तुडवली जाऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी दगडी फरश्या टाकल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा पाडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीतून उचलून आणलेल्या. धावताना नीट बघितलं तर काहींवर यंत्रं बसवण्याची भोकं अजून दिसतात.